खिडकी लावू नका, ताई!

नाशिकची डिसेंबरातली सकाळ म्हणजे काय, ते नाशिककरणींना सांगायला नको. अशाच एका सकाळी वस्तीतल्या एका सुनेला थुंकी तपासायला दवाखान्यात घेऊन गेले होते. तीन आठवड्यांचा खोकला, अंग नुसतं वाळत चाललेलं. बाकावर सगळे खोकणारेच. वारं झोंबत होतं, म्हणून मी उठून खिडकी लावली. तेवढ्यात सिस्टर आल्या नि त्यांनी ती पुन्हा सताड उघडली. म्हणाल्या, "थंडी वाजली तर शाल घ्या, पण खिडकी लावू नका, ताई. इथं तिच्यावरच आमचा भरवसा!"

मी ओशाळले. इतकी वर्षं वस्तीत काम करते, पण ही साधी गोष्ट कधी ध्यानातच आली नव्हती.

मैत्रिणींनो, मिरचीची फोडणी आठवा. दारं-खिडक्या बंद असतील तर पार माजघरातल्यालाही ठसका लागतो. खिडकी उघडली की पाच मिनिटांत हवा मोकळी. क्षयाचंही तसंच. रुग्ण खोकला की मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक कण वाळून तासन्‌तास हवेत तरंगतात. रुग्ण उठून गेला तरी मागे बसलेल्यांच्या श्वासात ते जातात. फरशी फिनाइलनं कितीही पुसा, हवा काही पुसता येत नाही.

मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन थिएटरला हेपा फिल्टर लावतात. ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, ९९.९७ टक्के कण तो अडवतो. थिएटरात हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत शिरत नाही. क्षयाचे जंतू वाढवून तपासतात त्या प्रयोगशाळेत नेमकं उलट. तिथं दाब कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर निसटत नाही.

आणि आपला भिंतीवरचा एसी? तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. गार हवा म्हणजे शुद्ध हवा नव्हे, बरं का!

पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत तासाला १२ वेळा हवा बदलत होती, तर दारं-खिडक्या उघडल्यावर २८ वेळा! उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती तर सगळ्यांत सरस ठरल्या. आपल्या केंद्र सरकारनंही २०१० साली दवाखान्यांसाठी हवेतून होणाऱ्या संसर्गाची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

त्या सुनेला क्षयच निघाला. घरी गेले तर खिडकी बंद, वर पडदा. सासूबाई हळूच म्हणाल्या, "खोकला शेजारी ऐकू जातो हो. लोक काय म्हणतील?" मांडीवर चार वर्षांची नात होती. मी त्यांना फोडणीचीच गोष्ट सांगितली. नातीकडे बघत त्या उठल्या आणि खिडकी उघडली.

सरकारी दवाखान्यातून औषधं मोफत मिळाली. सहा महिने एकही दिवस चुकला नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. नात ठणठणीत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की आधी खिडकीकडे बघा. खोकणाऱ्याला मास्क लावायला सांगा, खिडकीजवळ बसवा. आणि खिडकी बंद असेल, तर सरळ उठून उघडा. कुणी काही म्हणालं, तर त्यांनाही फोडणीची गोष्ट सांगा!