वार्षिक अहवालात काय पाहावे?

महापालिकेचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर सरलेल्या वर्षाचा प्रशासन अहवाल तयार करण्याची जबाबदारी १९४९ च्या महापालिका अधिनियमाने आयुक्तांवर सोपविली आहे. सोलापूर महापालिकेच्या अग्निशामक दलाचे व बांधकाम विभागाचे काम त्याच्या कक्षेत येते. शहर पोलीस मात्र राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत असल्याने त्यांचा लेखाजोखा स्वतंत्र असतो.

आगीच्या किती वर्द्या आल्या, एवढ्यावरून शहर किती सुरक्षित आहे ते कळत नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा बळी गेला. वार्षिक तक्त्यात तीही एकच वर्दी ठरते.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. अशी किती प्रमाणपत्रे अपेक्षित होती, किती आली आणि कसूर करणाऱ्या किती जणांना नोटिसा गेल्या, हे पाहणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे.

रस्त्यांचेही तसेच. किती किलोमीटर डांबरीकरण झाले यापेक्षा, दोषदायित्व कालावधीत किती रस्ते उखडले आणि त्यांपैकी किती ठेकेदारांनी स्वखर्चाने दुरुस्त केले, हे विचारले पाहिजे.

हे तपशील अहवालात नसल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये १० रुपये अर्जशुल्क भरून मागता येतात. सर्वसाधारणपणे उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.