ऑपरेशननंतरची पंगत

वाचकहो, दिवाळी अंकात चकलीची भाजणी आणि अनारशाचे पीठ सोडून वजन कमी करण्याच्या ऑपरेशनविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहून पाहा. कोणीतरी ताटात दोन चमचे उसळ आणि पनीरचे दोन तुकडे घेऊन कोपऱ्यातली खुर्ची धरते. कोणी विचारले तर उत्तर येते, "घरून खाऊन आलोय." ऑपरेशन झाल्याचे सांगायचे नसते. सांगितले तर "शॉर्टकट मारला" असे ऐकावे लागते. हा लेख त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहे, आणि तितकाच त्यांना आग्रह करणाऱ्यांसाठीही.

एक खुलासा आधीच करतो. माझ्या नावामागचे 'डॉ.' हे औषध लिहून देणारे नाही. गोळ्या, मात्रा आणि तपासण्या यांबाबत तुमचा सर्जन, आहारतज्ज्ञ आणि जीपी सांगतील तेच खरे.

ऑपरेशन नवे नाही, लाजिरवाणेही नाही

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली ती १९६६ साली. आपल्या ऑकलंडचेच उदाहरण घ्या. मांगेरेचे खासदार डेव्हिड लाँगी यांनी १९८२ मध्ये जठराला टाके घालून ते लहान करण्याचे ऑपरेशन करून घेतले आणि दोनच वर्षांनी ते न्यूझीलंडचे पंतप्रधान झाले. इकडे महाराष्ट्रात नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत असे ऑपरेशन करून घेतले. ते तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांची खवय्येगिरी सर्वांना ठाऊक होती आणि ऑपरेशनही लपून राहिले नाही. मग आपणच का लपवावे?

आपल्या लोकांना या विषयाची गरज जास्त आहे, याचे कारण पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण आहे. म्हणूनच आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार करण्याची बीएमआयची मर्यादा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत खाली, २७.५ वर आणली आहे. याचा दुसरा अर्थ असा, की ऑपरेशननंतर थोडेसे वजन परत आले आणि ते पोटावर साठले, तरी मधुमेह आपल्याकडे लवकर परततो.

पोटात नेमके काय बदलते?

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो, म्हणून पहिल्या वर्षात भूक जणू विसरल्यासारखी होते.

या काळाला माहेरपण समजा. सगळे सोपे वाटते, वजन आपोआप उतरते. पण माहेरपण संपते. साधारण दुसऱ्या वर्षापासून भूक थोडी परतते, नळी थोडी सैलावते आणि जुन्या सवयी दार ठोठावतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. थोडे वजन परत येणे हा शरीराचा धर्म आहे, तुमचा गुन्हा नाही. आणि दहा वर्षांनंतरही एक चतुर्थांश वजन कमीच राहिले, ही काही लहान गोष्ट नाही.

उजवी बाजू आधी

आहारतज्ज्ञ सांगतात: आधी प्रथिने, मग भाज्या, शेवटी पिष्टमय पदार्थ. हा नियम इंग्रजीत ऐकला की परका वाटतो. पण आपले ताट डोळ्यांसमोर आणा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्यभागी भात किंवा पोळी. आपण सुरुवात करतो ती मधून, म्हणजे वरण-भात-तुपापासून. नव्या पोटात चार-सहा घासांचीच जागा असते. ती भातानेच भरली, तर उसळ तशीच राहते.

म्हणून एवढेच लक्षात ठेवा: उजवी बाजू आधी, डावी नंतर, मधले शेवटी आणि जागा उरली तर. ताटाऐवजी फुलपात्राएवढी वाटी आणि चहाचा चमचा घ्या. घास बारीक चावा, जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्या. पोळी, भाकरी आणि पाव यांचा घाईत खाल्लेला घास अडकतो आणि उलटीवर जातो. त्यापेक्षा मऊ मूगडाळीचे धिरडे बरे.

प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी पोटात जावीत, असे बहुतेकांना सांगितले जाते. शाकाहारी मराठी स्वयंपाकात हा आकडा गाठायला हिशेब लागतो. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, तेवढ्याच शिजवलेल्या माशात वीसच्या वर. पुढचे पदार्थ आपल्या घरात आधीपासूनच आहेत: घट्ट वरण, मोडाच्या मटकीची मऊ शिजवलेली उसळ, बिनसाखरेचा चक्का, पनीर भुर्जी, टोफूचे पिठले, वाफवलेली तराकिही किंवा गर्नार्ड. चालत नसेल त्यांनी मासे-अंडी सोडावीत, पण मग आहारतज्ज्ञाला विचारून प्रथिनांची पावडर ताकात किंवा ट्रिम दुधात घ्यावी.

आणि ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवा. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी, ताक, सार काहीच नको. पातळ पदार्थांनी लहान पोट लगेच भरते किंवा अन्न पुढे ढकलले जाते, आणि दोन्ही वाईटच. दिवसभर मात्र घोट-घोट पाणी पीत राहावे.

घसरणारे पदार्थ

वजन परत कशाने येते? बहुतेकांना वाटते, जास्त जेवल्याने. खरे तर जास्त जेवणे या पोटाला जमतच नाही. वजन परत येते ते घसरणाऱ्या पदार्थांनी. पनीरचे तीन तुकडे खाल्ले की पोट "बस" म्हणते. पण चिवडा, शेव, बिस्किटे, वेफर्स, आईस्क्रीम तोंडात विरघळतात आणि नळीतून सरकून जातात. पोट "बस" म्हणतच नाही.

दिवाळीचा डबा ओट्यावर असतो. येता-जाता वीस ग्रॅमची मूठ, अशा दिवसात पाच मुठी झाल्या तर १०० ग्रॅम चिवडा झाला. म्हणजे सुमारे ४५० ते ५०० कॅलरी, आणि "मी आज जेवलोच नाही" हे वाक्यही खरे! साखरेचा दिवसाला चार वेळचा चहा, आमरस, बासुंदी आणि शिकरण यांचेही असेच. ते पिण्याचे पदार्थ आहेत, म्हणून मोजलेच जात नाहीत.

बायपास झालेल्यांना गोड लागते ते वेगळ्याच प्रकारे. साखर आतड्यात एकदम उतरली की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उलट खाली जाते आणि हातपाय थरथरतात. करंजी खाऊन गाडी चालवायला बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग दिवाळी साजरी करायचीच नाही का? करायची. जेवणात प्रथिने खाऊन झाल्यावर, बशीत घेऊन, बसून, एक चकली किंवा अर्धा लाडू सावकाश खावा. डब्यातून उभ्याने खाऊ नये. डबा कपाटात, बशी टेबलावर, एवढी शिस्त पाळली तरी निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट. दिवसात दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण संपवण्याची डॉ. दीक्षितांची पद्धत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत लोकप्रिय आहे. पण दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रथिने बसवणे लहान झालेल्या पोटाला कठीण आहे. ऑपरेशन झालेल्याला ती पाठवू नका. एकादशी-चतुर्थीचेही तसेच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास करायचाच असेल तर दही, पनीर, दाणे यांवर बेतावा. आजाऱ्याला उपासातून सूट आपल्या परंपरेनेच दिली आहे.

गोळ्या जन्मभर

ऑपरेशननंतर ब१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी शोषले जाते. शाकाहारी भारतीयांत ब१२ आधीच कमी असते, मधुमेहाची मेटफॉर्मिन ते आणखी कमी करते आणि ऑकलंडच्या हिवाळ्यात आपल्या सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या, थकवा, केस गळणे यांना तोंड द्यावे लागते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावी. वर्षातून एकदा जीपीकडे रक्ततपासणी करून घ्यावी. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, बायपासनंतर तिने अल्सर होऊ शकतो. दारू लवकर चढते, एक पेलाही. आणि उलट्या थांबतच नसतील तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

स्नायू राखण्यासाठी चालणे हवे आणि थोडे वजन उचलणेही हवे. आपला माउंट रॉस्किल, म्हणजे पुकेतापापा, जेमतेम ११० मीटर उंच आहे. वसंतात संध्याकाळ लांबलेली असते. फराळ वाटायला निघालात की आधी तो चढून या.

वजन वाढू लागले तर

तिसऱ्या-चौथ्या वर्षी काटा वर सरकू लागला की बहुतेक लोक क्लिनिकला जाणे बंद करतात. "आता काय तोंड दाखवू?" खरे तर जायची वेळ तीच असते. काटा आठवड्यातून एकदाच पाहा, तोही ठरलेल्या दिवशी. सलग काही आठवडे वजन चढते आहे असे दिसले, तर तीन दिवस खाल्लेले सगळे वहीत लिहा, मुठीसुद्धा, आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा. सवयी, जेवणाची वेळ, झोप, मनाची उदासी, क्वचित ऑपरेशनमधलाच काही बिघाड, अशी अनेक कारणे असू शकतात. त्यावर उपाय असतात, औषधेही आहेत. पण दाराबाहेर राहिलात तर त्यातले काहीच मिळणार नाही.

यजमानांना विनंती

आता उरलेल्या सर्वांसाठी. आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे माप आहे, हे मला मान्य आहे. "माझ्यासाठी एकच" म्हणणाऱ्या काकूंच्या मनात मायाच असते. पण त्या एका लाडवाने समोरच्याला अर्धा तास बाथरूममध्ये काढावा लागला, तर ती माया पोचली कुठे? विचारा एकदाच. "नको" म्हटले की तो विषय तिथेच संपवा. फराळ देण्याची इच्छा असेलच तर लहान डब्यात घरी द्या.

"किती बारीक झालास, आजारी आहेस का?" आणि सहा महिन्यांनी "परत भरलास वाटतं!" ही दोन्ही वाक्ये गिळून टाका. पंगतीत एखादा पदार्थ तरी असा ठेवा, जो यांना पोटभर खाता येईल: मटकी, पनीर, भाजलेला मासा.

इथे वाढलेल्या मुलामुलींनो, तुम्हाला वेगळे सांगतो. तुमच्या आई-बाबांचे किंवा मावशीचे ऑपरेशन झाले असेल, तर त्यांच्या बशीवर पहारा करू नका. "मम, तुला हे अलाउड आहे का?" हे चारचौघांत विचारलेले वाक्य फार लागते. त्याऐवजी त्यांच्याबरोबर सावकाश जेवा, फोन बाजूला ठेवा, जेवण झाल्यावर फिरायला न्या. आणि आजीला भारतात व्हिडिओ कॉलवर समजावून सांगायचे काम तुम्ही घ्या. नातवंडांचे ती ऐकते.

ऑपरेशन दोन तासांत संपते, पंगती मात्र आयुष्यभर चालू राहतात. यंदाच्या दिवाळीत कोपऱ्यातली ती खुर्ची ओढून आपल्या टेबलाशी आणा. शेजारी बसा, गप्पा मारा, आणि ताटात काय आहे ते पाहू नका.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!