विळ्याचा गंज आणि विळ्याचं पाणी

दसरा-दिवाळीच्या खरेदीला गावोगावच्या बाया गुलमंडीवर येतात. साडी, बांगड्या, लेकरांचे कपडे झाले की कुणी विळी बघते, कुणी घडीचा चाकू पिशवीत टाकते. आणि मग गटाच्या बैठकीत आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो, "ताई, नवाकोरा चाकू आठ दिवसांत लाल पडला. दुकानदारानं फसवलं का हो?"

दर वेळी फसवलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा लाल पडणारं पातं हे चांगल्या पोलादाचं असतं. आज आपण हेच बोलू. विळा, खुरपं, कोयता, विळी, चाकू, आजीच्या चंचीतला अडकित्ता ही सगळी आपली रोजची हत्यारं. ती कंबरेला असतात, ओच्यात असतात, पिशवीत असतात. त्यांना गंज का धरतो आणि तो कसा रोखायचा, ते बघू.

आधी धातूचं समजून घेऊ. लोखंडात थोडासा कार्बन, म्हणजे कोळशाचा अंश मिसळला की पोलाद होतं. चांगली धार धरणाऱ्या पात्यात हा अंश शंभरात साधारण अर्धा ते एक भाग एवढाच असतो. पण तेवढ्यानंच लोखंड टणक होतं. आपल्याकडे गाडी लोहार, म्हणजे घिसाडी, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे विळे आणि कोयते घडवतात, ते ह्याच कारणानं. कमानपाट्याचं पोलाद मुळात कसदार असतं. पातं लालबुंद तापवायचं, घणानं ठोकायचं आणि नेमक्या वेळी पाण्यात बुडवायचं. त्यालाच आपण 'पाणी देणं' म्हणतो. ऐरणीपुढे घण उचलणारी बहुतेक वेळा घरची बाईच असते, हेही लक्षात असू द्या.

स्टेनलेस स्टीलमध्ये ह्याशिवाय क्रोमियम नावाचा धातू असतो, शंभरात निदान साडेदहा भाग. हवा लागली की त्या क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पात्यावर बसतो आणि आतलं लोखंड झाकून ठेवतो. साध्या पोलादाला असं पांघरूण नसतं. हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की लोखंडाचा गंज होतो. नुसत्या कोरड्या हवेत तो धरत नाही. म्हणून उन्हाळाभर आढ्याला खोचलेला विळा चांगला राहतो आणि पावसाळ्यात चार दिवसांत तांबडा होतो.

गंजाचा खरा दोष असा की तो थांबत नाही. तांब्याच्या भांड्यावर काळपट थर चढतो आणि तो घट्ट बसून राहतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्र्यासारखा सुटतो. खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. दिल्लीत मेहरौलीला सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यानं त्यावर घट्ट थर बसला आणि तो टिकला. आपल्या खुरप्याच्या नशिबी तसा थर नाही, म्हणून त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

आता रोज वापरात गंज वाढवणाऱ्या गोष्टी बघा. पहिली म्हणजे घाम. घामात मीठ असतं आणि मिठानं गंज झपाट्यानं वाढतो. कंबरेला खोचलेला विळा दिवसभर घामात असतो. दुसरी, आंबट रस. कैरी, लिंबू, चिंच कापून पातं तसंच ठेवलं की डाग पडलाच. ऊसतोडीच्या कोयत्याला उसाचा रस चिकटून राहतो, त्यावर धूळ बसते आणि त्याखाली ओल टिकते. तिसरी गोष्ट फार जणींच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे खताची पोती. युरिया, डीएपी ही खतं हवेतली ओल ओढून घेतात. खताच्या खोलीत हत्यारं ठेवू नका. चौथी, गुंडाळायची सवय. ओल्या फडक्यात, गोणपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं पातं आतल्या आत ओलं राहतं. चामड्याच्या म्यानातही कमावताना वापरलेले क्षार राहिलेले असू शकतात. म्यान वाटेत नेण्यापुरतं ठीक, रात्री पातं बाहेर काढून ठेवावं.

गंज सगळ्यात आधी कुठं नुकसान करतो? धारेवर. धार म्हणजे पात्याचा सगळ्यात पातळ भाग. पोटावर डाग दिसायच्या आधीच धार खाल्लेली असते. विळा बोथट झाला की आपण जोर लावतो, मनगट दुखतं, खांदा भरतो. विळा निसटतो तोही जोर लावतानाच. मोलानं निंदणी-खुरपणी करणारीला किंवा सहा महिने फडात राबणाऱ्या जोडप्याला हत्याराची धार म्हणजे दिवसाची मजुरी. फडात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, ते उगीच नाही.

दुसरी धोक्याची जागा मुठीच्या आत आहे. पात्याचा शेंडा लाकडी मुठीत घातलेला असतो, तिथं शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. आत गंज फुगतो, मूठ तडकते, शेंडा बारीक होतो आणि एखाद दिवशी वार करताना पातं उडतं. घडीच्या चाकूत अशीच जागा बिजागरीची. म्हणून मूठ हलते का, हे दर आठवड्याला बघा. हलत असेल तर कापड कोंबून काम भागवू नका, दुरुस्त करून घ्या.

आता उपाय. रोजचं काम एवढंच: पातं धुवायचं, लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं, थोडा वेळ उन्हात किंवा चुलीच्या उबेला लांबून धरायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. विळी आणि चाकूला खायचं तेल लावा, खोबरेल चालेल. शेतातल्या हत्याराला जवसाचं तेल फार उत्तम, कारण ते वाळून त्याचा पातळ थर बसतो. मात्र कोणतंही तेल जाड थापू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. जवसात भिजलेलं फडकं गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा.

गंज धरलाच असेल तर विटकरीची बारीक भुकटी किंवा राख घेऊन ओल्या फडक्यानं घासा, धारेच्या दिशेनं बोट न नेता. डाग हट्टी असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. जास्त वेळ नको, आंबट रस चांगलं लोखंडही खातो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, तेल लावा.

गंज जाळून काढायला पातं चुलीत कधी घालू नका. लोहारानं दिलेलं पाणी त्यानं उतरतं, पोलाद मऊ पडतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. धार लावायच्या यंत्रावर पातं निळं पडलं तरी तेच समजा, तिथलं पाणी उतरलं. खड्डे पडलेलं पातं लोहाराकडून पाजळून घ्यावं.

एक ध्यानात ठेवा, सगळाच काळेपणा वाईट नसतो. कांदा, वांगं, आवळा कापून चाकूवर राखाडी-काळा रंग चढतो. तो बोटाला लागत नसेल तर राहू द्या, तो पात्याला थोडं राखतोच. बोटाला लागणारा तांबडा मात्र काढायचा.

आता जिवाची गोष्ट. गंजलेलं लागलं की धनुर्वात होतो, असं आपण म्हणतो. खरं तर धनुर्वात गंजानं होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यामुळे चकचकीत विळ्याची जखमही तितकीच जपायला हवी. गंजाच्या खड्ड्यात माती अडकते आणि जखम खोल होते, एवढाच गंजाचा दोष. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, वर हळद-माती-तंबाखू काही भरू नका आणि आरोग्य केंद्रात जा. आधी टीडीची लस कधी घेतली होती ते तिथं सांगा. गरोदरपणात आणि शाळेच्या वयात ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण पुढं शेतात राबणाऱ्या बाईची लस कित्येक वर्षं राहून जाते, ते गटानं विचारून घ्यावं.

मग विकत काय घ्यावं? सारखं ओलं, आंबट काम असेल आणि पुसायला सवड नसेल तर स्टेनलेस घ्या. रोज धार लागते आणि दोन मिनिटं पुसणं जमतं, तर पोलादी पातं घ्या. ते दगडावर पटकन धार घेतं. लोहचुंबक लावून परीक्षा करू नका. चाकूचं बरंचसं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. पातं सरळ आहे का, मूठ घट्ट आहे का, हे बघा.

खंडेनवमीला आपण हत्यारं घासूनपुसून पुजतो. ते काम वर्षातून एकदा न करता महिन्याच्या बैठकीला जोडून घ्या. प्रत्येकीनं आपला विळा आणायचा, गटाच्या पैशातून एक तेलाची बाटली आणि धार लावायचा एक दगड ठेवायचा. हप्ते लिहून होईपर्यंत सगळ्या जणींचे विळे पुसून होतात. येत्या बैठकीला सुरुवात करा आणि किती मुठी हलत्या निघाल्या ते आम्हाला कळवा.