खय्यामची वही

टायटॅनिक बुडाली तेव्हा उमर खय्यामच्या हातची रुबायांची वहीही अटलांटिकच्या तळाशी गेली, अशी कल्पना करून अमीन मालूफ यांनी १९८८ मध्ये ‘समरकंद’ ही फ्रेंच कादंबरी लिहिली. समरकंदचा काझी अबू ताहिर तरुण खय्यामला एक कोरी वही देतो. ती भरते, इस्माइली पंथाचा नेता हसन सब्बाह याच्या अलमूत किल्ल्यात पोचते, मग काही शतकं गडप होते आणि शेवटी इराणच्या घटनाक्रांतीच्या धामधुमीत एक अमेरिकन तिच्या मागावर निघतो.

यात खरं किती? काझी खरा, खय्यामने बीजगणितावरचा ग्रंथ त्याच्याच आश्रयाने लिहिला. टायटॅनिकवर एक ‘रुबायत’ होती हेही खरं, पण ती फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अनुवादाची छापील प्रत. मोल होतं ते तिच्या बांधणीला. लंडनच्या सँगोर्स्की आणि सटक्लिफ यांनी तिच्यावर हजाराहून अधिक रत्नं जडवली होती, मुखपृष्ठावर तीन मोर होते. मार्च १९१२ मध्ये लिलावात ती ४०५ पौंडांना गेली आणि न्यूयॉर्कच्या वाटेवर बुडाली. खय्यामच्या हातची वही मात्र कोणीच पाहिलेली नाही. त्याने अशी वही लिहिली होती का, इथूनच प्रश्न सुरू होतो.

खय्याम (१०४८–११३१) हयातीत गाजला तो गणिती आणि ज्योतिर्विद म्हणून. १०७९ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या दरबारी सुरू झालेल्या जलाली कालगणनेमागे त्याचं डोकं होतं. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या निजामी अरूजी या लेखकाने ‘चहार मकाला’ या ग्रंथात त्याची हकीकत सांगितली, ती ज्योतिष्यांच्या प्रकरणात. कवींच्या प्रकरणात त्याचं नाव नाही.

रुबाया सापडतात त्या इतरांच्या पुस्तकांत, एकेक-दोनदोन अशा. १२२३ च्या सुमारास नज्मुद्दीन राजी या सूफीने दोन दिल्या, त्याही खय्यामला पाखंडी ठरवण्यासाठी. इतिहासकार जुवैनी एक रुबाई देतो. मंगोलांनी मर्व शहराची कत्तल केली, तेव्हा एक सय्यद आणि त्याचे सोबती तेरा दिवस, तेरा रात्री प्रेतं मोजत होते. त्या वेळी त्या सय्यदाच्या ओठी खय्यामची रुबाई आली, असं जुवैनी लिहितो. गंमत अशी, की १२५६ मध्ये अलमूत पडल्यावर तिथला ग्रंथसंग्रह चाळून ‘पाखंडी’ पुस्तकं जाळणारा हाच जुवैनी.

चार ओळींची रुबाई पाठ व्हायला सोपी आणि दुसऱ्याच्या नावावर खपवायलाही. १८९७ मध्ये झुकोव्स्की या रशियन पंडिताने खय्यामच्या नावावरच्या ८२ रुबाया इतर कवींच्याही नावावर आढळतात, हे दाखवून दिलं. या ‘भटक्या’ रुबाया वगळायच्या तर खय्यामचं म्हणून उरतं काय?

१८५६ मध्ये एडवर्ड कॉवेल या फारसीच्या अभ्यासकाला ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात १५८ रुबायांची एक प्रत मिळाली. ती शिराझमध्ये १४६०-६१ ला, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर सव्वातीनशे वर्षांनी लिहिलेली. तिची नक्कल त्याने फिट्झजेराल्डला दिली. १८५९ मध्ये इंग्रजी ‘रुबायत’ छापली गेली, पुढे जगभर गाजली आणि खय्यामच्या जुन्या प्रतींना सोन्याचा भाव आला.

मागणी वाढली तशी हस्तलिखितं म्हातारी होत गेली. १९४९ मध्ये केंब्रिजच्या आर्बेरी यांनी चेस्टर बीटी संग्रहातली प्रत छापली, तिच्यावर साल १२५९-६०. लगेच केंब्रिजकडे आणखी एक प्रत आली, तिच्यावर १२०७. दोन्ही विसाव्या शतकातल्या बनावट प्रती निघाल्या. इराणी पंडित मोज्तबा मिनोवी यांनी त्यांचं पितळ उघडं पाडलं. १९६७ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने उमर अली-शाह यांच्यासह नवा अनुवाद काढला. आधार होता अली-शाहांच्या अफगाण घराण्यातल्या म्हणे ११५३ च्या प्रतीचा. ती कधी कोणाला दाखवली गेलीच नाही. फारसीचे अभ्यासक एलवेल-सटन यांनी ताडून पाहिलं, तर तिचा मजकूर हेरन-अ‍ॅलनच्या १८९९ मधल्या इंग्रजी पुस्तकाशी जुळत होता.

मराठीत माधव ज्यूलियनांनी आधी ‘फार्सी-मराठी कोश’ सिद्ध केला, मग १९२९ मध्ये थेट फारसीवरून रुबाया आणल्या आणि फिट्झजेराल्डवरून केलेली ‘द्राक्षकन्या’ वेगळी काढली. मूळ आणि इंग्रजी अवतार यांची सरमिसळ नको, एवढी शिस्त त्यांनी पाळली.

अभ्यासक आता अख्ख्या वहीच्या मागे फारसे लागत नाहीत. तेराव्या शतकातले संकलनग्रंथ धुंडाळणं जास्त फळतं. ‘नुज्हतुल मजालिस’ या संकलनात सुमारे चार हजार रुबाया आहेत, त्यांत खय्यामच्या तीसेक. कवी खय्यामचा भरवशाचा पुरावा असा परक्यांच्या पुस्तकांत विखुरलेला आहे, आणि तो जपणाऱ्यांत त्याला पाखंडी म्हणणाराही आहे.