धांवपटू विद्यार्थी आणि महाविद्यालयाची निवड

रोपवाटिकेंत उत्तम वाढलेलें रोप कायमच्या जागीं लावतांना जाणता बागाईतदार घाई करीत नाहीं. खड्डा किती खोल आहे, जमिनींत निचरा होतो कीं नाहीं, पाणी कोण देणार, आणि त्याच जमिनींत पूर्वीं लावलेलीं झाडें आज कशीं आहेत, हें तो आधीं पाहतो. रोप जितकें तेजदार, तितकी ही चौकशी अधिक. कारण असें रोप दुसऱ्यांदां मिळत नाहीं. पोटच्या मुलाच्या बाबतींत मात्र ही चौकशी पुष्कळ घरांत होत नाहीं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत चमकणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलास महाविद्यालयांचीं बोलावणीं येऊं लागलीं, म्हणजे घरचीं माणसें हुरळून जातात, आणि ज्याचें नांव मोठें किंवा ज्याची रक्कम मोठी, त्याच्या पदरांत मूल घालून मोकळीं होतात. ह्या बाबतींत अमेरिकेचा अनुभव फार बोलका आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं नातवंडें आज तिकडे शाळेंत जातात. इकडेही शेतकऱ्यांचीं मुलें धांवण्यांत नांव मिळवीत आहेत. म्हणून तेथील कांहीं उदाहरणें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेंत उच्च शिक्षण व खेळ हीं एकाच छपराखालीं नांदतात. शाळेचीं शेवटचीं चार वर्षें म्हणजे हायस्कूल. तेथें जो चमकतो त्यास महाविद्यालयाचे शिक्षक स्वतः शोधीत येतात. महाविद्यालयांच्या खेळांचें नियमन करणारी एन्.सी.ए.ए. ही संस्था १९०६ सालची आहे. धांवणाऱ्याचे तेथें वर्षांत तीन हंगाम होतात : शरदांत माळरानावरील क्रॉस कंट्री, हिवाळ्यांत छपराखालील मैदान, आणि वसंतांत उघडें मैदान. एका जमिनींत वर्षास तीन पिकें काढण्याचाच हा प्रकार आहे. शिवाय हायस्कूलची क्रॉस कंट्री शर्यत बहुधा ५ किलोमीटरची, तर महाविद्यालयांतील पुरुषांची राष्ट्रीय शर्यत १० किलोमीटरची असते. अठरा वर्षांच्या मुलावर हा दुप्पट भार एकाच उन्हाळ्याच्या अंतरानें येऊन पडतो. तो किती बेतानें चढवावयाचा, हें ठरविणारा माणूस म्हणजे तेथील शिक्षक होय.

पैशाविषयीं मोठा गैरसमज आहे. ‘शिष्यवृत्ति मिळाली’ ह्याचा अर्थ ‘सर्व खर्च भागला’ असा पुष्कळ लोक करतात. परंतु वस्तुस्थिति तशी नव्हती. २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयास मैदानी खेळ व क्रॉस कंट्री मिळून पुरुषांकरितां १२.६ व स्त्रियांकरितां १८ पूर्ण शिष्यवृत्तींइतकीच रक्कम देतां येत असे, आणि ती धांवणारे, उड्या मारणारे व फेंकणारे अशा सर्वांत वांटली जाई. त्यामुळें पुष्कळांच्या वांट्यास अर्धी किंवा चतकोरच येई. २०२५ सालीं न्यायालयांतील तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांत ही मर्यादा गेली व तिच्या जागीं संघांतील माणसांच्या संख्येची मर्यादा आली. म्हणजे देतां येणारी रक्कम वाढली, पण जागा मोजक्या झाल्या. सबब किती रक्कम, किती वर्षांकरितां, आणि दुखापत झाल्यास पुढें काय, हें लेखी घेतल्यावांचून होकार देऊं नये.

आतां उदाहरणांकडे वळूं. कॅन्सस हा गव्हाच्या शेतीचा प्रांत. तेथील विचिटा गांवच्या जिम रायन ह्यानें १९६४ सालीं, हायस्कूलचें एक वर्ष उरलें असतां, एक मैल ३ मिनिटें ५९ सेकंदांत काटला. चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारा तो पहिला शाळकरी मुलगा होय. पुढच्याच वर्षीं त्यानें ३ मिनिटें ५५.३ सेकंदांची नोंद केली. बोलावण्यांस तोटा नव्हता. पण शाळेंत त्यास घडविणारे बॉब टिमन्स कॅन्सस विद्यापीठांत शिक्षक म्हणून गेले होते, आणि रायन त्यांच्याच मागें गेला. त्या काळीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धांत उतरूं देत नसत. म्हणून पहिलें वर्ष संघाकरितां गुण मिळविण्याच्या ओढाताणीवांचून गेलें. १९६६ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या १९ व्या वर्षीं, ३ मिनिटें ५१.३ सेकंद असा मैलाचा जागतिक विक्रम त्याच्या नांवावर लागला. १९६८ सालीं मेक्सिको येथें १५०० मीटरमध्यें त्यास रौप्यपदक मिळालें. येथें गांव बदलला, शाळा बदलली. पण हात बदलला नाहीं.

दुसरें उदाहरण ऑरेगन प्रांतांतील कूस बे ह्या लांकूडतोडीच्या बंदरगांवचें. तेथील एका सुताराचा मुलगा स्टीव्ह प्रीफॉन्टेन ह्यानें १९६९ सालीं दोन मैल ८ मिनिटें ४१.५ सेकंदांत धांवून शाळकरी मुलांचा राष्ट्रीय विक्रम केला. अनेक महाविद्यालयें त्याच्या मागें लागलीं. त्यानें आपल्याच प्रांतांतील युजीन येथील ऑरेगन विद्यापीठ निवडलें. तेथील शिक्षक बिल बॉवरमन हे आर्जवें करणारे गृहस्थ नव्हते. परंतु शाळेंत प्रीफॉन्टेनला शिकविणारे वॉल्ट मॅक्ल्युअर हे स्वतः बॉवरमन ह्यांच्या हाताखालीं धांवलेले होते. म्हणजे शिष्य आपल्या गुरूच्या गुरूकडे गेला. शिकवणीचा धागा तुटला नाहीं. एक दिवस कष्टाचा, तर त्यानंतरचा हलका, ही बॉवरमन ह्यांची रीत प्रसिद्ध आहे. जमीन पड टाकण्याचा फायदा ज्यास ठाऊक आहे त्यास ही रीत समजावून सांगावयास नको. चार वर्षांत प्रीफॉन्टेननें ७ राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदें मिळविलीं, व १९७२ सालीं म्युनिक येथें ५००० मीटरमध्यें चौथा क्रमांक पटकाविला. १९७५ सालीं मोटारीच्या अपघातांत, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षीं, तो वारला.

तिसरें उदाहरण शेतकऱ्यांस अधिक जवळचें वाटेल. वॉशिंग्टन प्रांतांतील पुलमन येथील विद्यापीठ १८९० सालीं शेतकी महाविद्यालय म्हणून निघालें. ऑर्व्हिल व्होगेल ह्यांनीं जपानी ‘नोरिन १०’ पासून बुटक्या गव्हाचे वाण तेथेंच तयार केले. त्यांतील बियाणें मेक्सिकोंत नॉर्मन बोरलॉग ह्यांच्याकडे गेलें, आणि त्याच्या वंशांतील गहूं १९६० नंतरच्या दशकांत आपल्या देशांतील शेतांत उभा राहिला. ह्याच विद्यापीठांत स्पोकेन ह्या जवळच्या शहराचा जेरी लिंडग्रेन शिकावयास आला. १९६४ सालीं शाळकरी असतांना त्यानें लॉस एंजेलिस येथें १०,००० मीटरमध्यें रशियनांस हरविलें होतें. त्याच वर्षीं ५००० मीटरमध्यें १३ मिनिटें ४४ सेकंद ही केलेली नोंद ४० वर्षें शाळकरी मुलांत अबाधित राहिली. पुलमन येथें त्यानें ११ राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. पण एवढ्यावरून ‘घराजवळचेंच महाविद्यालय चांगलें’ असा नियम कोणी काढूं नये. त्याच पुलमनमध्यें केन्यांतील नंदी टेंकड्यांमधून हजारों मैल ओलांडून आलेल्या हेन्री रोनोनें १९७८ सालीं ८१ दिवसांत चार निरनिराळे जागतिक विक्रम केले. अंतर जवळ कीं दूर, हा मुख्य प्रश्नच नव्हे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. व्हर्जिनिया प्रांतांतील ॲलन वेब ह्यानें २००१ सालीं मैल ३ मिनिटें ५३.४३ सेकंदांत धांवून रायनचा ३६ वर्षांचा शाळकरी विक्रम मोडला. तो मिशिगन विद्यापीठांत गेला. विद्यापीठ नामांकित, शिक्षक अनुभवी. तरी एका वर्षानें, २००२ सालीं, वेब तेथून निघाला, व्यावसायिक धांवपटू झाला आणि आपल्या शाळेंतील जुन्या शिक्षकांकडे परतला. २००७ सालीं त्यानें ३ मिनिटें ४६.९१ सेकंद असा मैलाचा अमेरिकन विक्रम केला, तो २०२३ पर्यंत टिकला. येथें दोष कोणाच्याही माथीं मारण्याचें कारण नाहीं. उत्तम रोप व उत्तम जमीन असूनही एकमेकांस मानवत नाहींत, हें आपण शेतांत पाहतोंच. अशा वेळीं माघारीं फिरण्यांत कमीपणा नाहीं; मात्र फिरण्याची वाट आधींच पाहून ठेविलेली असावी.

मुलींच्या बाबतींत अधिकच सावध राहिलें पाहिजे. न्यूयॉर्क प्रांतांतील मेरी केन २०१३ सालीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेंत १५०० मीटरच्या अंतिम शर्यतींत धांवली. महाविद्यालयाच्या संघांत न जातां ती एका नामांकित व्यावसायिक गटांत दाखल झाली. वजन घटविण्याच्या सततच्या दडपणाखालीं आपला मासिक धर्म तीन वर्षें बंद राहिला व पांच हाडें मोडलीं, असें तिनें २०१९ सालीं जाहीरपणें सांगितलें. श्रमाच्या मानानें अन्न कमी पडलें म्हणजे हाडें, रक्त व शरीराची वाढ ह्या सर्वांस घरघर लागते. ह्या विकारास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं स्वतंत्र नांव दिलें. मुलगेही त्यांतून सुटत नाहींत. बैलास वैरण कमी करून नांगर वाढविणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मुलींच्या बाबतींत तेंच करणाऱ्यास शिस्तीचा शिक्षक म्हणूं नये.

ह्या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट निष्पन्न होतांना दिसते. सतराव्या वर्षीं घड्याळानें दाखविलेली वेळ म्हणजे पीक नव्हे, ती रोपाची उंची आहे. आणि महाविद्यालय निवडणें म्हणजे मान निवडणें नव्हे, तर पुढील चार वर्षें मुलाच्या शरीरावर कोणाचा हात राहणार हें निवडणें होय. म्हणून पालकांनीं पुढील प्रश्न निःसंकोचपणें विचारावे. पांच वर्षांपूर्वीं आपण घेतलेलीं मुलें आज कोठें आहेत? त्यांपैकीं किती जणांनीं पदवी घेतली, आणि किती जण दुखापतीनें बसले? आपण स्वतः येथें किती वर्षें राहणार? पहिल्या वर्षीं धांवण्याचा पल्ला किती वाढविणार, आणि किती शर्यतींत उतरविणार? मुलगा आजारी पडल्यास निर्णय वैद्याचा कीं आपला? शिक्षकासमोर हे प्रश्न झाले, म्हणजे संघांतील वरच्या वर्गाच्या मुलांस एकांतांत तेच विचारावे. दोन्ही उत्तरें जुळलीं तर जमीन चांगली समजावी. ज्यास हे प्रश्न आवडत नाहींत, त्याचें उत्तर मिळालेंच म्हणावयाचें.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. महाविद्यालयांकडून धांवपटूंस असें बोलावणें येण्याची चाल येथें रुळलेली नाहीं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेंत गेला, आणि त्याचे पाय फौजेंतच ओळखले गेले. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें ३००० मीटर स्टीपलचेसमध्यें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत त्यानें रौप्यपदक जिंकलें व २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. शाळेंत त्याच्या नांवाचा डंका वाजलेला नव्हता. सातारा जिल्ह्याच्या माण ह्या अवर्षणी तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें त्याच शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवली. उशिरा पेरलेलें पीकही योग्य मशागतीनें साधतें, हें ह्यांवरून ज्या घरांत मूल सोळाव्या वर्षीं पहिलें आलें नाहीं त्या घरानें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं एक सूचना. धांवण्याचीं वर्षें थोडीं असतात. त्यापुढें पोटापाण्याचीं वर्षें पुष्कळ. म्हणून दोन महाविद्यालयांत निवड करतांना, पाय मोडला तरी जेथें आपल्या मुलाला शिकावयास राहावेंसें वाटेल तें पसंत करावें. आणि चौकशी वडिलांनीं केली तरी शेवटचा शब्द मुलाचा किंवा मुलीचा असूं द्यावा; कारण पहांटे पांच वाजतां, थंडींत, अंथरूण सोडून बाहेर पडावयाचें असतें तें त्यांस, आपणांस नव्हे.