अतिपर्यटन
अतिपर्यटन : एखाद्या स्थळाच्या धारणक्षमतेपेक्षा तेथील पर्यटकांचा भार अधिक झाल्यामुळे त्या स्थळाचा निसर्ग, स्थानिक लोकांचे जीवन आणि खुद्द पर्यटकांना लाभणारा आनंद यांचा ऱ्हास होऊ लागतो, या स्थितीस अतिपर्यटन म्हणतात. ही संज्ञा एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ झाली. तिच्यामागील विचार मात्र जुना आहे. रिचर्ड बटलर या भूगोलज्ञाने १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राची उपपत्ती मांडली. तीनुसार शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, दृढीकरण व कुंठितता अशा अवस्थांमधून स्थळ जाते आणि त्यानंतर एकतर त्यास उतरती कळा लागते किंवा त्याचे पुनरुज्जीवन होते. धारणक्षमता म्हणजे केवळ माणसांची एक ठरावीक संख्या, असे समजणे मात्र योग्य नाही. फरसबंद चौकात सहज सामावणारा जमाव ओल्या मातीच्या पातळ थरावर उभा राहिल्यास एका दिवसात तो थर निकामी करू शकतो. सातारा जिल्ह्यातील कास पठार हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सु. २५ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवर आहे. काळ्या पाषाणावर जांभ्या खडकाचे आवरण व त्यावर मातीचा अगदी पातळ थर, अशी त्याची रचना आहे. मुळे खोल जाण्यास वाव नसल्यामुळे मोठे वृक्ष येथे तग धरत नाहीत. त्यामुळे लहान वनस्पतींना मोकळे ऊन मिळते. पावसाळ्यात खडकातील उथळ खळग्यांत पाणी साचते आणि पाऊस सरताच हीच जमीन कोरडी ठणठणीत होते. या अल्प काळात उगवणे, फुलणे व बी धरणे एवढे सर्व उरकणाऱ्या वनस्पतींचे येथे प्राबल्य आहे. मातीत पोषकद्रव्ये कमी असल्याने काही वनस्पती कीटकभक्षणाकडे वळलेल्या आढळतात : ‘सीतेची आसवे’ ही जांभळ्या फुलांची नाजूक वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव आपल्या इवल्या पिशव्यांत पकडते, तर ‘दवबिंदू’ ही चिकट केसांनी कीटकांना खिळवून ठेवते. तेरडा, गेंद, सोनकी, कुमुदिनी, चवर, कंदीलपुष्पाच्या जाती, दर सात वर्षांनी बहरणारी टोपली कारवी आणि साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावात धारण करणारा वायतुरा धरून पठारावर सपुष्प वनस्पतींच्या सु. ८५० जातींची नोंद झाली आहे.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत कास होते. त्यापूर्वीही वृत्तपत्रे व छायाचित्रे यांमुळे पठाराची ख्याती पसरतच होती. पुढे समाजमाध्यमांनी तिला अधिक वेग दिला. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंतच्या थोड्या आठवड्यांत, आणि त्यातही शनिवार-रविवारी, पुणे-मुंबईकडील वाहनांची रीघ यवतेश्वरमार्गे पठाराकडे लागू लागली.

येथील हानीचे मुख्य साधन म्हणजे पाऊल. पर्यटक फुले तोडतो तेव्हा नुकसान डोळ्यांना दिसते. परंतु फुलांच्या ताटव्यात छायाचित्रासाठी बसणारा, एकही फूल न तोडणारा सज्जन पर्यटक त्याहून अधिक नुकसान करू शकतो. येथील बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत. बी धरण्यापूर्वी त्या तुडवल्या गेल्या, तर पुढील वर्षाची तेथील पिढीच घटते. माती दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही. ती सैल होऊन वाहून गेली तर तीतील बियांचा साठाही तिच्याबरोबर जातो, आणि खाली उघडा पडतो तो निव्वळ खडक. पठारावर वाहने उभी केल्याने हीच क्रिया अधिक झपाट्याने घडते.

यावर वन विभागाने स्थानिक गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांच्या साहाय्याने प्रवेशशुल्क, पूर्वनोंदणी व ठरावीक पायवाटा अशी व्यवस्था लावली. हंगामात प्रतिदिनी ३,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. शुल्कवसुली, राखण आणि मार्गदर्शन ही कामे गावकऱ्यांकडे आल्याने पठार राखण्यात त्यांचा प्रत्यक्ष हितसंबंध निर्माण झाला. या व्यवस्थेचा हा सर्वांत जमेचा भाग म्हणावा लागेल.

कुंपणाचा अनुभव मात्र वेगळा आला. पर्यटकांना आवर घालण्यासाठी पठारावर लोखंडी जाळीचे कुंपण उभारण्यात आले, तेव्हा गुरांनाही तेथे मज्जाव झाला. गावची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर चरत आली होती. त्यांच्या चरण्यामुळे उंच गवत आटोक्यात राही, शेणामुळे मातीस काही खत मिळे आणि ठेंगण्या फुलझाडांना ऊन लाभे. कुंपणानंतर गवत माजले व काही भागांत फुले विरळ झाली, असे स्थानिक लोक आणि काही अभ्यासक यांनी निदर्शनास आणले. अखेर २०२२ च्या सुमारास हे कुंपण काढण्यात आले. गर्दी थोपविण्याच्या उपायाने गर्दीपूर्वीचीच एक जुनी घडी मोडावी, ही गोष्ट अन्य संरक्षित स्थळांच्या व्यवस्थापकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

याहून कठोर मार्ग म्हणजे स्थळ पूर्णपणे बंद करणे. थायलंडमधील फी फी ले या बेटावरील माया उपसागराचे चित्रण २००० साली प्रदर्शित झालेल्या ‘द बीच’ या चित्रपटात झाले आणि तेथे पर्यटकांची झुंबड उडाली. दररोज हजारो लोक त्या चिंचोळ्या पुळणीवर उतरू लागले. नौकांचे नांगर व गढुळलेले पाणी यांमुळे प्रवाळांची अतोनात हानी झाली. जून २०१८ मध्ये हा उपसागर पर्यटकांना बंद करण्यात आला. प्रवाळांची रोपे लावण्यात आली, काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे उथळ पाण्यात परतले आणि जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. आता नौकांना आत प्रवेश नाही, पर्यटकांना बेटाच्या मागील बाजूने यावे लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाळी समुद्राच्या काळात स्थळास विश्रांती देण्याची प्रथा पडली आहे.

हा विश्रांतीचा उपाय कासला जसाच्या तसा लागू पडत नाही. मायाचा बंद काळ हा पर्यटनाच्या दृष्टीने मंदीचा असतो. कास येथे फुलांचा काळ आणि गर्दीचा काळ एकच आहे. पठारास खरी विश्रांती हवी ती नेमकी ज्या आठवड्यांत लोकांना ते पाहावयाचे असते त्या आठवड्यांत. त्यामुळे तेथे संख्या, पायवाट आणि वेळ यांवरील नियंत्रणच हाती राहते. शिवाय ही मर्यादा पठाराच्या प्रवेशद्वारापुरती असते. सातारा-कास रस्त्याच्या दुतर्फा उपाहारगृहे, निवासस्थाने व बंगले वाढत गेले असून त्यांतील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न वेळोवेळी उपस्थित झाला आहे. लगतचे कासचे तळे सातारा शहरास पाणी पुरविते. या बांधकामांचे सांडपाणी व कचरा कोठे जातो, याची दखल ३,००० च्या आकड्यात घेतली जात नाही.