माजघरापर्यंत वाय-फाय

मंडळी, रेडिओ ऐकणाऱ्यांना लहरींची ओळख नव्याने करून द्यायला नको. नागपूरचे भाषण ऐकताना घराची भिंत किती जाड आहे, हे कोणी मोजत नाही. मग ओसरीवरच्या राउटरचे वाय-फाय माजघरात का पोचत नाही, असे चिखलीकडच्या एका गुरुजींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे.

आकाशवाणीची मध्यमलहर शेकडो मीटर लांब असते आणि तिच्यामागे किलोवॉटांची ताकद असते. आपल्याकडे सर्रास वापरातली वाय-फायची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. आणि ताकद वॉटाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. बुलढाणा जिल्ह्यातली जुनी घरे दगडामातीची, भिंती दोन-दोन फुटांच्या, त्यात पावसाळ्याची ओल. एवढीशी लहर तिथेच जिरते. पत्र्याचे कपाट आडवे आले तर विचारूच नका!

नवे कनेक्शन घेतल्यावर माळ्यावर टाकलेला जुना राउटर इथे कामी येतो. टेलिफोनच्या तारेवरचा असला तरी चालतो. मात्र तो निदान डब्ल्यू.पी.ए.-२ पद्धतीचे कुलूप घालू शकणारा हवा. त्याहून जुना असेल तर सरळ भंगारात द्या. तसले कुलूप कोणीही उघडतो.

माझी फजिती आधी सांगतो. मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख होती. तिला आतल्या खोलीत बसता यावे म्हणून मी जुना राउटर तसाच, काही न बदलता, तारेने नव्याला जोडला. अर्ध्या तासात घरातले सगळेच इंटरनेट बंद! अर्ज अखेर शेजाऱ्यांच्या घरी बसून भरला. झाले होते असे, की घरातल्या प्रत्येक फोनला राउटर एक क्रमांक देतो आणि बाहेर जायचे दार कोणते तेही सांगतो. या कामाला डी.एच.सी.पी. म्हणतात. आता घरात क्रमांक वाटणारे दोघे झाले. जुना राउटर ‘दार माझ्याकडे आहे’ म्हणे आणि त्याच्यामागे दारच नव्हते. वर दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे असली तर पोस्टमनने काय करावे?

तेव्हा जुना राउटर आधी एकटाच घ्या. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या खुणा पुसल्या जातील. लॅनच्या भोकातून तारेने संगणक जोडा आणि राउटरच्या पाठीवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. वाय-फायचे नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, म्हणजे फोन दोन्हीकडे ओळखीने जाईल. चॅनल मात्र वेगळे द्या: तिकडे १ असेल तर इकडे ६ किंवा ११. सेटिंग उघडण्याचा पासवर्डही बदलून टाका. मग राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. पहिले तीन आकडे मुख्य राउटरचेच, शेवटचा निराळा आणि मुख्य राउटर जे क्रमांक वाटतो त्यांच्यात नसलेला. तो कागदावर लिहून राउटरला चिकटवा; पुढच्या वर्षी आठवत नाही. नव्या पत्त्यावर पुन्हा जाऊन डी.एच.सी.पी. बंद करा. माझी फजिती एवढ्या एका खुणेची होती.

आता तार मुख्य राउटरच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये घाला. वॅन लिहिलेले, बहुधा निराळ्या रंगाचे भोक रिकामेच ठेवायचे. कॅट-५ई जातीची तार शंभर मीटरपर्यंत चालते, वाड्याला पुरून उरते. काही राउटर तारेवाचून, हवेतूनच पुढे निरोप देतात. पण एकाच तोंडाने ऐकायचे आणि बोलायचे, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. भिंतीला भोक पाडायची तयारी असेल तर तारच बरी.

ती तार पाइपातून न्या, उंदरांना तिची चव आवडते. अंगणावरून उघडी ओढू नका. मृगाच्या तोंडावर कडाडणारी वीज जवळपास पडली तरी दोन्ही राउटर जातात. अडॅप्टर ज्याचा त्यालाच लावा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून मी एक जाळलेला आहे.

मग फोन हातात घेऊन ओसरीपासून न्हाणीपर्यंत चाला. फोन कधीकधी लांबच्या राउटरलाच धरून बसतो. वाय-फाय एकदा बंद करून चालू केले की जवळचा धरतो.